नदीकाठचं बाकडं

माझी मोठी नणंद चीनला कधी गेलेली नव्हती. तरी जेद्दाच्या बलदमधून, म्हणजे जुन्या बाजारपेठेतून, ग्वांगझूला पहिल्यांदा माल आणायला निघालेला आमच्या रत्नागिरी-रायगडकडचा माणूस तिला विचारल्याशिवाय बॅग भरत नसे. विमानतळाबाहेर कुठून पडायचं, मेट्रोचं तिकीट कसं काढायचं, हलाल जेवण कुठे मिळेल, कुठल्या गल्लीत शिरायचं नाही, हे सगळं ती दुकानाच्या मागच्या खोलीत मांडी घालून, मेथी निवडता निवडता सांगायची. सांगणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई कालच तिकडून परतली आहे.

मी तिची भावजय. सगळे तिला आपा म्हणतात, मीही म्हणते. माझं काम कागदांचं: व्हिसा, तिकिटं, हॉटेल. त्यातही ती चुका काढते. लग्न होऊन महाडहून जेद्दाला आले तेव्हा मी धरूनच चालले होते की नणंद म्हणजे डोक्याला ताप असणार. ताप आहेच. पण हा ताप नसता तर मी या शहरात इतकी वर्षं कशाच्या जोरावर काढली असती, मला माहीत नाही.

दुकान तिच्या नवऱ्याचं, म्हणजे भाईजानचं. कागदावर कफीलच्या, म्हणजे आमच्या स्थानिक अरब जामीनदाराच्या नावावर, पण चालवायचे भाईजान. उमऱ्याला, हजला आलेले लोक परतताना घरच्यांसाठी ज्या वस्तू नेतात त्या सगळ्या तिथे: तसबीह म्हणजे जपाच्या माळा, टोप्या, अत्तराच्या नक्षीदार बाटल्या, पोरांची खेळणी. आमच्याकडे गावात जी तसबीह लोक डोळ्यांना लावून घेतात, तिचे मणी बहुतेक वेळा ग्वांगझूहून आलेले असतात. भाईजान ते लपवत नसत. ते वर्षातून काही वेळा तिकडे जायचे आणि आपा इथे राहायची, कारण तिची सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला आपाच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणीही चालत नसे.

दुपारची नमाज झाली की भाईजानचा फोन यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ. दुसऱ्या बायका विचारतात, काय आणताय? आपा विचारायची, "मंग कुठं वळलात?" भाईजान सांगायचे, पुलाच्या आधी. "पूल कुठल्या हाताला?" डाव्या. "उजव्या हाताला काय हाय?" सुरुवातीला ते हसायचे, मग त्यांना तिच्यासाठी बघत चालायची सवय लागली. कुठल्या कोपऱ्यावर म्हातारे पत्ते खेळतात, कुठल्या दुकानात लांबलचक नूडल्स हाताने ओढून करतात आणि पाटीवर अरबीत हलाल लिहिलेलं असतं, कुठल्या रस्त्याला सुक्या मासळीचा वास सुरू होतो. हा वास आपाला फार आवडला. घाऊक खेळण्यांच्या बाजाराला लागून सुक्या मासळीचा बाजार आहे हे कळल्यावर ती म्हणाली, "म्हंजी आपल्याच बंदरावर गेल्यासारखं."

फोनचा शेवट ठरलेला. आपा विचारायची, "दमलात काय?" आणि ते म्हणायचे, "नाय. बसलोय बाकड्यावर."

ते बाकडं आम्हाला सगळ्यांना तोंडपाठ होतं. मासळीचा वास पाठीला घेऊन सरळ गेलं की नदी लागते. तिथे पारंब्या सोडलेलं मोठं झाड आहे, आणि झाडाखाली हिरवं बाकडं. समोरून बोटी जातात. दिवसभराची पायपीट झाली की भाईजान तिथे बसायचे आणि बायकोला फोन लावायचे. मागून गाड्यांचा आवाज यायचा, तर म्हणायचे, रस्ता झाडामागेच आहे. परत आले की त्यांचे पाय सुजलेले असायचे. आपा कोमट पाण्यात मीठ टाकून त्यांचे पाय शेकायची. ते म्हणायचे, बूट घट्ट होतात गो.

भाईजान गेले ते इथेच, जेद्दात. दुकान उघडताना छातीत कळ आली आणि संपलं. आपा इद्दतीत बसली. नवरा गेल्यावर बाईने ठरावीक दिवस घराबाहेर पडायचं नसतं, ते दिवस. भाईजानचा फोन तिच्या उशाशी असायचा. मी चहा घेऊन गेले होते तेव्हाच तो वाजला. पलीकडे चिपळूणकडचा एक दुकानदार, ग्वांगझूच्या रस्त्यावर हरवलेला. भाईजान गेल्याचं त्याला माहीतच नव्हतं. "भाई, मेट्रोतून भलतीकडेच निघालोय, काय कळत नाय," असा तो रडकुंडीला आलेला. मी फोन घ्यायला हात पुढे केला. आपाने घेऊ दिला नाही. डोळे पुसले, ओढणी सारखी केली आणि विचारलं, "उजव्या हाताला काय हाय?"

तो गोंधळला. बाईचा आवाज कसा, म्हणून विचारायचंही त्याला सुचलं नाही. त्याने पातेल्यांचं दुकान सांगितलं, मग पूल सांगितला. आपाने त्याला रस्ता ओलांडायला लावला, मागून स्कूटर बिनआवाजाच्या येतात म्हणून दम दिला, पुढे नेलं. शेवटी तो म्हणाला, "सुक्या बोंबलासारखा वास येतोय." आपा म्हणाली, "मंग बरोबर आलास. आता नाकासमोर चाल." फोन ठेवल्यावर तिने त्या माणसाला भाईजानची बातमी सांगितलीच नाही हे माझ्या लक्षात आलं. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "परक्या मुलखात उभा हाय तो. घरी आला का सांगू."

मी तिथेच बसून राहिले. उंबरा ओलांडायचा नाही अशा दिवसांत ती एका माणसाला चीनमधून चालवत घेऊन आली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की चहा गार झाल्याचं दोघींनाही कळलं नाही.

मग हे वाढत गेलं. इद्दतीत परपुरुषाशी बोलते म्हणून बिल्डिंगमध्ये थोडी कुजबुज झाली. कुजबुजणाऱ्या बाईचाच भाऊ पुढच्या महिन्यात ग्वांगझूला निघाला आणि कुजबुज खलास झाली. कफील भला निघाला. इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची धावपळ त्याने आणि माझ्या नवऱ्याने मिळून निस्तरली, दुकान आपाच्याच हाती ठेवलं. पुढे त्याची लेकसुद्धा तिकडे जाताना मागच्या खोलीत येऊन मेथीच्या जुडीसमोर बसली.

आपाची तयारी करून घ्यायची रीत निराळी होती. ती नुसतं सांगून सोडत नसे, तालीम घ्यायची. नवख्या माणसाला सकाळी बलदच्या गल्लीत उभं करायचं आणि हुकूम द्यायचा: आता तोंड बंद. अरबी नाय, हिंदी नाय, इंग्रजी नाय. समोरच्या येमेनी दुकानदाराकडून एक रुमाल घेऊन ये, फक्त कॅल्क्युलेटर आणि बोटं वापरून. येमेनी सामील असायचा आणि मुद्दाम आडमुठेपणा करायचा. वरच्या लाकडी झरोक्यांचे फोटो काढायला आलेले पाहुणे थांबून हा तमाशा बघायचे. चिनी लोक एका हातावर दहापर्यंत मोजतात, ते आपाने भाईजानकडून शिकून घेतलं होतं आणि सगळ्यांकडून घोटून घ्यायची. पाच बोटांची चिमूट म्हणजे सात. आणि इथे आम्ही दिवसभर तीच चिमूट वर करून एकमेकांना 'सब्र, जरा थांब' म्हणत असतो. दापोलीच्या एका टोपीवाल्याने तिकडे सवयीने दुकानवाल्या बाईला थांब म्हटलं आणि तिने शांतपणे सात गठ्ठे बांधले. तेव्हापासून आपा तालमीत आकडा दाखवायची वेळ सोडून माणसांचे हात मागे बांधायला लावायची.

दुसरा नियम त्याहून कडक. पहिल्या दिवशी बाजार नाही. पहिल्या दिवशी नदीवर जायचं, बाकड्यावर बसायचं आणि नुसतं बघायचं. "आधी डोळे भरू देत," ती म्हणायची. "डोळे भुकेले असले का हात कायबी उचलत सुटतात." व्यापारी माणसाला एक अख्खा दिवस बसून राहायला सांगणं म्हणजे त्याला कापल्यासारखं होतं. तरी लोक ऐकायचे. परत आल्यावर आपा पहिलं तेच विचारायची, बाकड्यावर बसलास? आणि सगळे म्हणायचे, हो आपा, बसलो.

बाकडं तिथे नाही, हे मला त्या दापोलीच्या टोपीवाल्याने सांगितलं. आपाकडून निघून जिन्यात उतरत असताना त्याने मला थांबवलं आणि आवाज खाली करून विचारलं, "भाबी, ते बाकडं नक्की कुठाय हो? दोन खेपांत नाय गावलं. झाड हाय, नदी हाय." मी म्हटलं, मग आत्ता आत काय सांगितलंत? तो ओशाळला. "समदे बसून आले, मी एकटाच कसा नाय म्हणू?"

मग मी एकेकाला गाठून विचारलं. एकेक जण असाच इकडेतिकडे बघून आवाज खाली करी: त्यालाही गावलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, बाकडं असणारच, चुकलो ते आपणच. एवढी चोख वाट सांगणाऱ्या आपाला आपण साधं बाकडं शोधू शकलो नाही हे कोण कबूल करणार! एका अत्तरवाल्याने तर कहर केला. दुसऱ्याच कुठल्या बागेतल्या बाकड्यावर बसून फोटो काढला आणि आपाला दाखवला. आपाने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. "रंग दिलेला दिसतोय," ती म्हणाली, आणि पुढच्या खेपेला जाणाऱ्यांना बजावून सांगितलं, आता हिरवं नाय, तपकिरी केलंय. मग लोक तपकिरी बाकडं शोधू लागले.

मी हसले खूप. पण हसणं ओसरल्यावर मी मनात सगळी वाट पुन्हा चालून बघितली. बाकी सगळं शहर भाईजाननी जसंच्या तसं सांगितलं होतं. पूल बरोबर, वास बरोबर, पत्तेवाले म्हातारेसुद्धा बरोबर. आणि त्यांच्या रोजच्या बोलण्याचा जो शेवट, तेवढंच नव्हतं. आपा लोकांना वाट सांगत होती असं सगळ्यांना वाटायचं. मी जवळून बघत होते. ती रोज भाईजानच्या मागोमाग चालत होती आणि शेवटी त्यांच्या शेजारी जाऊन बसत होती. ते बसणं काढून घेतलं तर तिच्याकडे काय उरणार, याची मला भीती वाटायची. म्हणून मीही गप्प राहिले. सगळं बलद गप्प राहिलं.

गेल्या वर्षी तिची सासू गेली. थोड्याच महिन्यांत अबाया आणि कपडे घरून विकणाऱ्या आमच्याकडच्या काही बायका ग्वांगझूला जायचं ठरवून आल्या. सगळ्या पहिल्यांदाच निघालेल्या. त्यांच्यातली एक शिंपीण, अबाया शिवणारी, तोंडाची फटकळ. ती आपाला म्हणाली, "तुमी येनार नसाल तर आमीबी नाय जात." आपाने गुडघे पुढे केले, दुकान पुढे केलं. शिंपीण म्हणाली, दुकान भावजय बघेल. मला कुणी विचारलंच नाही. आपा माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की तिला तोंडाने ते म्हणवत नव्हतं.

तिचा व्हिसा आला तेव्हा तिने पासपोर्ट दहा वेळा उघडून पाहिला. निघायच्या आदल्या सकाळी गल्लीत उतरली आणि येमेनी दुकानदारासमोर तोंड बंद करून उभी राहिली. त्यानेही तिला सोडलं नाही. चांगला घाम काढून मग रुमाल दिला, आणि ती गेल्यावर मला म्हणाला, ही तिकडच्या लोकांनाच रस्ता दाखवेल.

माझा जीव टांगणीला लागला होता. नवरा म्हणाला, निघायच्या आधी सांगून टाक तिला. मी दोनदा तिच्या खोलीत गेले. एकदा ती भाईजानची जुनी हातपिशवी पुसत होती. दुसऱ्यांदा तिनेच मला बसवलं आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी नदीवरच जाऊ. ह्या बायका बाजारात पळतील, पन मी सोडनार नाय." मी उठून आले. मग शिंपिणीला बाजूला घेऊन सांगितलं, काहीही कर, आपाला नदीवर नेऊ नकोस. ती म्हणाली, "भाबी, आपाला कोन फिरवनार?"

फोन आला तेव्हा मी दुकान नुकतंच उघडलं होतं. आवाजाचाच फोन, चित्राचा नाही. "पोचलो गो," आपा म्हणाली. तिला धाप लागली होती आणि ती हसत होती. "मेट्रोतनं बरोबर निंगालो. मीच फुडं हाय, ह्या बायका मागं फोटो काढतायत." मी सवयीने विचारून बसले, "उजव्या हाताला काय आहे?" ती खळखळून हसली. "माझंच मला शिकव! पातेल्यांचं दुकान हाय. हाय अजून!"

मग ती बोलतच सुटली. पूल आला. पत्तेवाले आले, तिने त्यांना सलाम केला म्हणे, आणि एकाने हातातली पानं वर करून तिला दाखवली. मग ती मध्येच थांबली. मला वाटलं फोन तुटला. "वास आला," ती म्हणाली. "खरंच येतो गो. सुकट, जवळा, समदं हाय." तिचा आवाज भरून आला होता. मी दुकानात, तसबिहींच्या झुपक्यांखाली उभी होते आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. आयुष्यभर नुसतं ऐकून तिने हे शहर घरात बसून रचलं होतं, आणि ते तिच्या पायाखाली जसंच्या तसं लागत होतं. मला कुणाचं इतकं कौतुक कधी वाटलेलं नाही.

"आता नाकासमोर," ती म्हणाली आणि चालू लागली.

मी काहीतरी बोलून तिला अडवायला हवं होतं. पाठीमागच्या गाड्यांचा आवाज वाढला. तो मला ओळखीचा वाटला. भाईजानच्या फोनमागे तोच असायचा. मग बोटीचा भोंगा ऐकू आला.

"नदी हाय," आपा म्हणाली. "झाड हाय. पारंब्या हायत." तिच्या चपलांचा आवाज थोडा पुढे गेला, परत आला. मग म्हणाली, "बाकडं नाय गो हितं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कधी नव्हतंच. फुटपाथ केवढासा हाय. मागं रस्ता, म्होरं लोखंडी कठडा. बाकडं मावायचं कुठं?" ती अगदी हळू बोलत होती, एकेक गोष्ट हाताने चाचपून बघावी तशी. "तुमी समद्यांनी बसून घेतलंत काय माझ्यासाठी?"

"आपा..." मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे." ती रागावलेली नव्हती. "ते हितं उभं ऱ्हायचे. ह्या कठड्याला टेकून. दिवसभर चालून सुजल्या पायांनी उभं ऱ्हायचे नि मना फोन लावायचे. मी इचारायची, दमलात काय." गाड्या जात होत्या. दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं आणि माझं तोंड बघून तसंच मागे फिरलं.

मागे राहिलेल्या बायकांचे आवाज फोनमध्ये जवळ येऊ लागले. आपाने नाक ओढलं, घसा खाकरला. फोन ठेवेल असं वाटलं, पण तिने ठेवला नाही. ती सकाळपासून चालत होती. तिचे गुडघे मला माहीत आहेत; दुकानाच्या दोन पायऱ्या चढून आली तरी तिला टेकायला लागतं.

"दमलात का, आपा?" मी विचारलं.

"नाय गो," ती म्हणाली. "बसलेय बाकड्यावर."